कामतघरचा खडखडाट

मराठीत ‘खडखडाट’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. यंत्र चालते तेव्हा होतो तो एक, आणि तिजोरीत काही उरत नाही तेव्हा असतो तो दुसरा. भिवंडीच्या कामतघर भागात हे दोन खडखडाट सहसा एकाच वेळी होत नाहीत. मागाचा चालू असेपर्यंत खिशातला होत नाही. मागाचा थांबला की आठवड्याभरात खिशातला ऐकू येऊ लागतो. ध्वनिप्रदूषणाविरुद्धची कोणतीही मोहीम कामतघरात शिरते ती या दोन अर्थांच्या मधल्या बोळातून, आणि बोळ अरुंद आहे.

कामतघर हे भिवंडी-निजामपूर शहर महानगरपालिकेच्या हद्दीतले, वऱ्हाळा तलावाजवळचे जुने गाव. तिथेच वऱ्हाळदेवीचे देऊळ आहे. मूळचे आगरी गावकरी, मागांच्या मागोमाग तेलंगणातून आलेली पद्मशाली विणकर कुटुंबे, उत्तर प्रदेश-बिहारातले कारीगर, आणि अलीकडे ‘निसर्गरम्य व शांत परिसर’ अशी जाहिरात वाचून नव्या इमारतींत राहायला आलेले नोकरदार, अशी ही वस्ती. प्रत्येक गट येताना आपापला आवाज बरोबर घेऊन आला. शेवटचा गट तेवढा तक्रार घेऊन आला.

या आवाजांचा अभ्यास करताना त्यांचे दोन वर्ग पाडावे लागतात: कमावण्याचा आवाज आणि खर्चाचा आवाज. कायदा ही विभागणी करत नाही. वस्ती मात्र तीच करते.

कमावण्याच्या आवाजात पहिला मान यंत्रमागाचा. धोटा म्हणजे बाण्याच्या सुताची कांडी पोटात घेतलेला, दोन्ही टोकांना निमुळता लाकडी ठोकळा. एका बाजूने दांडा त्याला फटका मारतो, धोटा ताण्याच्या धाग्यांमधून पलीकडे धावतो, तिथल्या पेटीत आपटून थांबतो आणि तिथला दांडा त्याला आल्या वाटेने परत हाकलतो. हे मिनिटाला शंभराहून अधिक वेळा चालते. तेव्हा यंत्रमाग कापड विणताना आवाज करतो असे म्हणण्यापेक्षा, तो आपटण्याचे काम करतो आणि त्यातून कापड सुटते, असे म्हणणे वस्तुस्थितीला अधिक धरून होईल. असे बारा-चोवीस माग पत्र्याच्या एका शेडमध्ये ठेवले की आतली पातळी शंभर डेसिबलच्या आसपास जाते. पत्र्याच्या अंगी आवाज अडवण्याचा गुण नाही. उलट, आलेल्या आवाजात तो स्वतःची थोडी भर घालतो.

भिवंडीला भारताचे मँचेस्टर म्हणतात. ज्या लँकेशायरमध्ये खरे मँचेस्टर मोडत असे, तिथल्या कापड गिरण्यांतल्या बायकांनी मागांच्या आवाजात बोलण्यासाठी ओठ ताणून, हातवारे करून बोलायची एक स्वतंत्र रीत तयार केली होती. तिला त्या ‘मी-मॉइंग’ म्हणत. शेडच्या या टोकाची बाई त्या टोकाच्या बाईशी शब्दही न उच्चारता सासूबद्दल सविस्तर बोलू शकत असे. कामतघरच्या कारीगरांनी या बोलीला नाव दिले नाही, पण व्याकरण तेच आहे: दोन बोटे ओठांशी नेली की विडी, अंगठा तोंडाकडे वळवला की चहा, आणि हाताचा पंजा उलटा केला की शेठने उचल दिलेली नाही. या सवयीचा एक परिणाम घरापर्यंत येतो. बारा तासांची पाळी संपवून आलेला माणूस घरातही शेडच्या पट्टीत बोलतो. बाहेरगावच्या पाहुण्याला वाटते भांडण जुंपले. प्रत्यक्षात पाहुण्याला साखर किती, एवढेच विचारलेले असते.

असे असूनही मागाच्या आवाजाबद्दल कामतघरचा जुना रहिवासी तक्रार करत नाही. त्याला तो ऐकूच येत नाही. पाळण्यातले मूल खडखडाटात झोपते आणि वीज गेली की दचकून उठते. तालुक्याबाहेर लग्न होऊन गेलेली मुलगी पहिल्या रात्री सासरी झोपत नाही, याचे कारण आजवरच्या साहित्याने माहेरची ओढ असे दिले आहे. कामतघरपुरते तरी या कारणात शांततेचा वाटा मोठा असावा.

कमावण्याचा दुसरा आवाज अंजूरफाट्याच्या बाजूने येतो. भिवंडीभोवती गोदामांचे जाळे आहे आणि गोदाम म्हटले की ट्रक, ट्रेलर, टेम्पो. ‘हॉर्न ओके प्लीज’ हे ट्रकच्या पाठीवरचे निमंत्रण महाराष्ट्राच्या परिवहन आयुक्तांनी एप्रिल २०१५ मध्ये बंद केले, कारण ते मागच्याला हॉर्न वाजवायला प्रवृत्त करते. अक्षरे पुसली गेली. मागच्याला मात्र मजकूर पाठ होता. मुंबई पोलिसांनी जानेवारी २०२० मध्ये एका वेगळ्या दिव्याची चित्रफीत प्रसिद्ध केली: चौकातला गोंगाट ८५ डेसिबलच्या वर गेला की सिग्नलचा लाल दिवा पुन्हा पहिल्यापासून सुरू. जगभर कौतुक झाले. अंजूरफाट्याला हा दिवा लावला असता तर तो एकदाच लाल झाला असता.

आता कायदा. ध्वनिप्रदूषण (विनियमन व नियंत्रण) नियम २००० साली आले. त्यांनी जमिनीचे चार प्रकार केले. औद्योगिक भागात दिवसा ७५ आणि रात्री ७० डेसिबल. व्यापारी भागात ६५ आणि ५५. निवासी भागात ५५ आणि ४५. शांतता क्षेत्रात ५० आणि ४०. रात्र म्हणजे दहा ते सहा. हा तक्ता ज्यांनी केला त्यांच्या डोळ्यांसमोर असे शहर असावे, जिथे माणसे एका ठिकाणी काम करतात, दुसऱ्या ठिकाणी खरेदी करतात आणि तिसऱ्या ठिकाणी झोपतात. कामतघरात या तिन्ही गोष्टी एकाच घरक्रमांकावर होतात. तळमजल्यावर माग, दर्शनी खोलीत किराणा, वर बिऱ्हाड. तक्त्याप्रमाणे दिवसा खाली ७५ आणि वर ५५ डेसिबल हवेत. वीस पायऱ्यांचा जिना असेल तर आवाजाने दर पायरीला एक डेसिबल खाली ठेवत वर यावे, अशी अपेक्षा आहे. अशा मिश्र भागांचाही नियमकर्त्यांनी विचार केला आहे: सक्षम प्राधिकरणाने मिश्र भागाला चारांपैकी कोणताही एक प्रकार म्हणून जाहीर करावे, अशी टीप तक्त्याखाली आहे. निवासी भाग कागदावर औद्योगिक झाला की रात्रीची मर्यादा एका सहीने २५ डेसिबलने वर जाते आणि एकही माग न थांबवता ध्वनिप्रदूषण नाहीसे होते. आजवर सुचवलेल्या उपायांत हा सर्वात स्वस्त आहे.

शांतता क्षेत्राची गोष्टही जवळपास अशीच. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्याभोवतीचे शंभर मीटर शांत, असे पूर्वी गृहीत धरले जाई. १० ऑगस्ट २०१७ च्या केंद्राच्या दुरुस्तीनंतर राज्य सरकारने तसे जाहीर केल्याखेरीज कोणतीही जागा शांतता क्षेत्र होत नाही. तेव्हापासून रुग्णाला झोपेच्या गोळीइतकीच अधिसूचनेची गरज आहे.

फटाक्यांचे मोजमाप ठरवताना तर कामतघर पूर्णच नजरेआड झाले. फुटण्याच्या जागेपासून चार मीटरवर १२५ डेसिबलपेक्षा जास्त आवाज करणाऱ्या फटाक्यांवर १९९९ पासून बंदी आहे. इथल्या कित्येक गल्ल्यांत फटाक्यापासून चार मीटर दूर जायचे तर समोरच्याच्या स्वयंपाकघरात उभे राहावे लागते. दिवाळीत लोक एकमेकांकडे फराळाला का जातात, याचे हे एक कारण असू शकते.

खर्चाच्या आवाजाकडे वळण्याआधी डेसिबल या एककाचा स्वभाव समजून घ्यायला हवा, कारण मोहिमा फसतात त्या बहुतेक इथेच. महाराष्ट्रात कोणताही वाद मिटवायची पद्धत ठरलेली आहे: दोघांनी थोडे थोडे मागे यायचे, निम्म्यावर तडजोड करायची, चहा घ्यायचा. डेसिबल ही पद्धत मानत नाही. तो लॉगरिदमच्या हिशेबाने चालतो. आवाजाची ऊर्जा निम्मी केली तर पातळी फक्त तीन डेसिबलने उतरते. समजा, मिरवणुकीत सोळा स्पीकरची भिंत आहे. शिष्टमंडळ जाते, दीड तास चर्चा होते, मंडळ मोठ्या मनाने आठ स्पीकर उतरवते. १०० डेसिबलचे ९७ होतात. कानाला फरक जेमतेम जाणवतो. टाळ्या मात्र निम्मा आवाज कमी झाल्याच्या पडतात. आवाज खरोखर निम्मा झाल्यासारखा वाटायला सुमारे दहा डेसिबल कमी व्हावे लागतात, म्हणजे दर दहांतले नऊ स्पीकर बंद. आणि १०० वरून रात्रीच्या निवासी ४५ वर यायचे तर ऊर्जा तीन लाख पटींहून अधिक घटवावी लागते. घासाघीस करून तीन लाखावा हिस्सा मान्य करणारे मंडळ अजून स्थापन व्हायचे आहे.

अंतराचाही हिशेब असाच कंजूष. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट केले की सहा डेसिबल कमी होतात. स्पीकरपासून एका मीटरवर १०० डेसिबल असतील तर शंभर मीटरवर ६० उरतात. कामतघरात मोकळी जागा म्हणजे तलाव, आणि पाण्यावरून आवाज अडथळ्याविना जातो. विसर्जनाच्या दिवशी ज्यांना काठावर जागा मिळत नाही, त्यांचेही म्हणूनच काही चुकत नाही.

खर्चाच्या आवाजाचे इथले मुख्य पीठ म्हणजे हळद. ठाणे-रायगडच्या आगरी-कोळी पट्ट्यात लग्नापेक्षा हळदीचा थाट मोठा. पूर्वी त्या रात्री धवलारीण धवले म्हणायची: एक वयस्क बाई, तिच्या मागे दोन-चारजणी, आणि विधी पुढे सरकेल तसे गाणे पुढे. माईक नाही, वायर नाही. शेजाऱ्याला ऐकायचे असेल तर त्याला मांडवात यावे लागे. म्हणून शेजारी मांडवात येत. पुढे बेंजो आला, मग डीजे आला, आणि शेजाऱ्याला घरी बसूनच सगळे पोहोचू लागले. पद्मशाली घरांतल्या बतुकम्माचे वळणही याच दिशेचे. फुलांच्या उतरंडीभोवती फेर धरून टाळ्यांच्या तालावर म्हणायची ही गाणी. टाळीचा आवाज गल्लीच्या तोंडाशी संपत असे. आता टाळीलाही ध्वनिक्षेपक लागतो. भोंगा हा शब्दच पाहा. मूळ भोंगा गिरणीचा. तो माणसांना कामावर बोलावायचा. आज तो शब्द जिथे जिथे वापरला जातो, तिथे कामाचा संबंध क्वचितच असतो.

या वर्गातल्या प्रत्येक आवाजाला एक समर्थक आणि एक विरोधक असतो, आणि पुढच्या महिन्यात दोघे जागा बदलतात. अजानच्या भोंग्याने झोप मोडते म्हणणारा आरतीला बहिरा असतो, आरतीने डोके उठते म्हणणारा उरुसात ठार बहिरा, आणि दोघांनाही उमेदवाराच्या प्रचाराची रिक्षा ऐकू येत नाही, कारण ती आपल्या पक्षाची असते. मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये आणि पुन्हा जानेवारी २०२५ मध्ये सांगितले की ध्वनिक्षेपक हा कोणत्याही धर्माचा अत्यावश्यक भाग नाही. निकालातला ‘कोणत्याही’ हा शब्द जो तो दुसऱ्याला वाचून दाखवतो.

महाराष्ट्रात या विषयावर लढलेली माणसे थोडी, पण चिवट आहेत. मुंबईत डॉ. यशवंत ओक १९८० च्या दशकापासून न्यायालयाचे दार ठोठावत होते. सुमैरा अब्दुलअली यांनी २००३ मध्ये याचिका केली, पुढे आवाज फाउंडेशन उभारले, आणि गणपती-दिवाळीत मोजणी यंत्र हातात घेऊन रस्त्यावर उभे राहण्याचा नेम केला. खाडीपलीकडच्या ठाण्यातले डॉ. महेश बेडेकर यांच्या २०१० च्या जनहित याचिकेवर ऑगस्ट २०१६ मध्ये न्यायमूर्ती अभय ओक व न्यायमूर्ती अमजद सय्यद यांच्या खंडपीठाने सविस्तर निकाल दिला. आवाज मोजण्याची यंत्रे आणि तक्रारीची सोय पोलिसांना करावी लागली ती त्यानंतर. ठाणेकराने मिळवलेला हा निकाल कशेळीच्या पुलावरून भिवंडीत यायला अर्धा तास पुरेसा आहे. पुलावर वाहतूक असते, हे खरे.

वस्तीपातळीवरची मोहीम मात्र न्यायालयात सुरू होत नाही. ती व्हॉट्सअॅपच्या गटावर सुरू होते. रात्री पावणेबाराला कुणीतरी विचारतो, “हे किती वाजेपर्यंत चालणार?” अकराजण हात जोडल्याचे चित्र पाठवतात. एकजण मोबाइलवरच्या मोजणी अॅपचा आकडा टाकतो. हा आकडा पुरावा म्हणून चालत नाही, पण त्याने संतापाला दशांशचिन्ह मिळते. सकाळी बैठक ठरते. बैठकीत पहिला ठराव असा की परिसरात जनजागृती करावी, आणि दुसरा असा की त्यासाठी रिक्षा व भोंगा भाड्याने घ्यावा. सोसायटीचे लेटरहेड काढून अर्ज लिहिला जातो. त्यावर सगळे सही करायला तयार असतात, फक्त पहिली सही कुणी करायची हे ठरत नाही. पहिली सही कुणाची हे कळू नये म्हणून पूर्वीच्या खलाशांनी गोल सह्यांची युक्ती शोधली होती. सोसायटीत वर्तुळ काढायलाही कुणी पुढे येत नाही.

मंडळाकडे जाणारे शिष्टमंडळ हा मोहिमेचा कळस. मंडळाचा अध्यक्ष शिष्टमंडळाला खुर्च्या देतो, सरबत मागवतो आणि संपूर्ण सहमत होतो. “काका, तुमचं बरोबर आहे. पोरांना मी सांगतोच. पण वर्षातून एकदाच येतो हो बाप्पा!” वर्षातून एकदाच येणाऱ्या गोष्टी वर्षात किती असतात, याची गणना केल्यास रिकामे दिवस फारसे उरत नाहीत. नियमांतही या युक्तिवादाला थोडी जागा आहे: सांस्कृतिक-धार्मिक उत्सवांसाठी राज्य सरकार वर्षातले पंधरा दिवस दहाऐवजी बारापर्यंत सूट देऊ शकते. शिष्टमंडळ परत येते ते पावती घेऊन. पुढच्या वर्षी मंडळाच्या फलकावर शिष्टमंडळाच्या प्रमुखाचे नाव ‘सल्लागार’ म्हणून, फोटोसह, झळकते. ज्याचा फोटो फलकावर आहे त्याने त्याच फलकाच्या मागच्या स्पीकरविरुद्ध तक्रार केल्याचे उदाहरण मिळणे कठीण. चळवळ संपवण्याचा इतका सौजन्यपूर्ण मार्ग इतरत्र क्वचितच असेल.

निव्वळ परिणामांच्या दृष्टीने पाहिले तर कामतघरातली सर्वात यशस्वी ध्वनिनियंत्रण योजना कुठल्याही संस्थेची नव्हती. ती भारनियमन होती. वीज गेली की माग, डीजे, टीव्ही आणि गिरणी एका क्षणात, जातधर्म न पाहता, विनाअर्ज बंद पडत. जानेवारी २००७ पासून भिवंडीच्या वीजवितरणाचे काम टोरंट पॉवरकडे फ्रँचायझी म्हणून गेले, पुरवठा सुधारला आणि ही योजना मागे पडली. त्यानंतरची दुसरी मोठी शांतता मार्च २०२० मध्ये आली. टाळेबंदीत माग थांबले. वऱ्हाळ्याच्या काठावर पाखरांचा आवाज ऐकू येऊ लागला, असे शहरांतल्या तलावांबद्दल तेव्हा पुष्कळ लिहिले गेले. कारीगर मात्र नाशिकच्या रस्त्याने गावाकडे चालत निघाले होते, कारण मागाबरोबर मजुरीही थांबली होती. खडखडाटाचा दुसरा अर्थ त्या उन्हाळ्यात सगळ्यांना एकदम कळला. त्या शांततेबद्दल आभाराचा अर्ज कुणी केला नाही.

म्हणून कामतघरात माग बंद करा म्हणणारी मोहीम चालणार नाही आणि चालूही नये. पण मागाबद्दल मोहीमच नको, हे म्हणणे सोयीचे असले तरी खोटे आहे, कारण या साऱ्या गोंगाटात प्रत्यक्ष कान जातात ते कारीगराचे. भारतातल्या कारखाना नियमांच्या तक्त्यात ९० डेसिबलमध्ये आठ तास आणि १०० डेसिबलमध्ये दोन तास अशी मर्यादा आहे. बारा तासांची पाळी करणारा कारीगर सहा दिवसांचा आवाज एका दिवसात ऐकतो. कारखान्यांना लागू असलेल्या कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत आवाजामुळे येणारा बहिरेपणा हा सरकारला कळवण्याजोगा रोग म्हणून नोंदलेला आहे. कळवायचे कुणी, तर ज्याला कमी ऐकू येते त्याच्या शेठने. हा बहिरेपणा आधी उंच पट्टीचे सूर खातो, त्यामुळे माणसाला पहिल्यांदा नातवाचे बोलणे ऐकू येईनासे होते आणि खडखडाट सर्वात शेवटपर्यंत ऐकू येत राहतो. उपाय महागडे नाहीत: मागाच्या पायांखाली रबराचे जाड तुकडे, वस्तीच्या बाजूला पत्र्याऐवजी विटांची भिंत, आणि कानांत घालायचे बोळे. धोटा नसलेले नवे माग तुलनेने कमी आपटतात, पण त्यांची किंमत वेगळाच खडखडाट करते. बोळ्यांबद्दल कारीगराची अडचण साधी असते: कान बंद केले तर धागा तुटल्याचा, मागाची चाल बिघडल्याचा आवाज कळत नाही. शंभर डेसिबलच्या ढिगातून एका धाग्याचा सूर वेगळा काढणारा हा कान आहे, आणि त्याच्यासाठी रिक्षा फिरवलेली कुणी पाहिली नाही.

खर्चाच्या आवाजाची तजवीज त्या मानाने सोपी. नियमांप्रमाणे रात्री दहा ते सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक वाजवता येत नाही. सवलतीचे पंधरा दिवस वगळता, आणि त्या दिवसांतही बारानंतर नाही. एरवी तक्रारीसाठी आवाज मर्यादेपेक्षा दहा डेसिबल जास्त असावा लागतो, पण रात्रीच्या बंदीचा भंग असेल तर मोजणीचीही वाट पाहावी लागत नाही. तक्रारदाराचे नाव उघड होऊ नये, असेही उच्च न्यायालयाने बजावले आहे. क्रमांक ११२. फोन करताना खिडकी तेवढी लावून घ्यावी; नाहीतर पलीकडच्या पोलिसाला तक्रार ऐकू येत नाही.